युनिक्समधील ‘लेखन’ : तबकडीवरील व्यवहारांच्या काटकसरीचे एक परीक्षण

संगणकशास्त्रातील जे थोडे लेख त्या शास्त्राच्या कक्षेबाहेरील अभ्यासकांनीही काळजीपूर्वक वाचावेत, त्यांत युनिक्स ह्या कार्यप्रणालीविषयीचे दोन लेख अवश्य मोडतात. पहिला डेनिस रिची व केन थॉम्पसन ह्या दोघांचा. तो जुलै १९७४ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दुसरा एकट्या थॉम्पसन ह्यांचा, प्रणालीच्या अंतर्रचनेचे वर्णन करणारा. तो १९७८ मध्ये ‘बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल’मध्ये आला. दोहोंची शैली मोजकी आहे, दोहोंत फुशारकीचा लवलेश नाही, आणि जेवढे करून पाहिले तेवढेच सांगण्याचा विरळा संयम दोहोंत आहे. असे असूनही एका महत्त्वाच्या ठिकाणी पहिला लेख वाचकाला फारच अलगद पुढे नेतो आणि दुसरा नेमका तेथेच थबकतो. ते ठिकाण म्हणजे तबकडीवरील वाचन-लेखनाचा खर्च कमी करण्याची युनिक्सची पद्धत. ह्या पद्धतीची चर्चा बहुधा वेगाच्या अंगाने होते. येथे विचारात घ्यावयाचा मुद्दा निराळा आहे. ही काटकसर ‘लिहिणे’ ह्या एका क्रियापदाचा अर्थ बदलून साधलेली आहे. आणि ज्याला ते क्रियापद रोज वापरावे लागते त्या आज्ञावलीकाराच्या हाती, बदललेला अर्थ व मूळ अर्थ वेगळे दाखविणारे दोन शब्द मात्र देण्यात आले नाहीत.

प्रथम खर्च कशाचा, ते पाहणे जरूर आहे. चुंबकीय तबकडी फिरत असते व तिच्यावर वाचन-लेखनाचे शीर्ष वाहणारी एक भुजा आत-बाहेर सरकत असते. हवा तो मजकूर शीर्षाखाली येण्यासाठी आधी भुजेला योग्य वर्तुळावर जावे लागते आणि नंतर तबकडीचा योग्य भाग फिरून येईपर्यंत थांबावे लागते. त्या काळच्या पीडीपी-११ यंत्रांना जोडली जाणारी आरके०५ ही अडीच मेगाबाइटांची तबकडी मिनिटाला १,५०० फेरे घेई. म्हणजे एका फेऱ्याला ४० मिलिसेकंद लागत. आता एखादी आज्ञावली एकेक अक्षर लिहू लागली आणि प्रणालीने प्रत्येक अक्षरासाठी ५१२ बाइटांचा तो ब्लॉक आणला, त्यातील एक बाइट बदलला व ब्लॉक परत ठेवला असे मानू. ५१२ अक्षरांसाठी १,०२४ फेऱ्या; तोच ब्लॉक पुन्हा शीर्षाखाली यावयास दर वेळी पूर्ण फेरा; म्हणजे एक्केचाळीस सेकंद. टंकलेखनाच्या पाव पानाएवढ्या मजकुरासाठी हा काळ आहे. हा हिशेब काल्पनिक असला तरी काटकसरीवाचून कालविभागी प्रणाली चालणेच शक्य नव्हते, एवढे त्यावरून ध्यानात यावे. युनिक्सच्या जन्मकाळी तर तबकडी ही वस्तूच दुर्मीळ होती. रिची ह्यांनी पुढे लिहिलेल्या इतिहासात अशी हकीकत आहे की, १९७० च्या उन्हाळ्याच्या अखेरीस पीडीपी-११ चे यंत्र येऊन पोचले, पण त्याची तबकडी डिसेंबरापर्यंत मिळाली नाही. तोवर ते यंत्र कोपऱ्यात बसून ६×८ घरांच्या बुद्धिबळाच्या पटावर घोड्याच्या बंद फेऱ्या मोजीत होते. नंतर जी मिळाली ती अर्ध्या मेगाबाइटाची. यंत्राची स्मृती होती २४ किलोबाइटांची.

१९७४ च्या लेखात ह्या प्रश्नाचे उत्तर एका परिच्छेदात आटोपले आहे. आज्ञावलीने एक बाइट लिहिण्याची विनंती केली की प्रणाली स्मृतीतील आपल्या राखीव कप्प्यांत, म्हणजे बफरांत, तो ब्लॉक आहे का ते पाहते, नसल्यास आणते, बाइट बदलते, लिहावयाच्या ब्लॉकांच्या यादीत त्याची नोंद करते, आणि आज्ञावलीला ‘झाले’ म्हणून परत पाठविते, मग प्रत्यक्ष तबकडीवरचे काम नंतर केव्हा का होईना. लेखाचा ओघ असा आहे की, वाचकाला ही सोय वाटते. सौदा वाटत नाही. आज्ञावलीकाराने एकेक बाइट लिहिला काय किंवा ५१२ बाइट एकदम लिहिले काय, फरक फारसा पडत नाही, हा त्यातून काढलेला निष्कर्ष आहे आणि तो खरा आहे. परंतु ‘झाले’ ह्या उत्तराचा अर्थ ह्या परिच्छेदात बदलला, ह्याकडे लेखकद्वयाने बोट दाखविलेले नाही. त्याच लेखात पुढे ७,६२१ ओळींची एक आज्ञावली यंत्रभाषेत उतरविण्यास ३५.९ सेकंद लागल्याचे सांगून त्या वेळेची फोड दिली आहे: ६३.५ टक्के मूळ काम, १६.५ टक्के प्रणालीचा खर्च, २० टक्के तबकडीची वाट पाहणे. ह्या आकड्यांचा अर्थ लावण्याचे लेखकांनी स्पष्टपणे टाळले आहे आणि आपण एकंदरीत समाधानी आहोत एवढेच म्हटले आहे. हा विनय स्तुत्य असला तरी येथे तो थोडा सोयीचाही आहे. पाचवा हिस्सा वेळ वाट पाहण्यात जातो हे कळले. ह्याहून अधिक गेला असता तो किती आणि कशाच्या बदल्यात वाचला, हे मात्र कळत नाही.

‘बदल्यात’ हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. व्यापाऱ्याच्या पेढीवर कच्ची नोंद व पक्की नोंद असा भेद असतो. गिऱ्हाइकाच्या गर्दीत मुनीम कागदावर टिपून घेतो आणि दुकान निवांत झाल्यावर वहीत उतरवितो. कच्च्या नोंदीने वेळ वाचतो, आणि एकाच खात्यावर दिवसात दहा उलाढाली झाल्या तर वहीत एकच रक्कम चढते. बफराचे काम हेच. मात्र मुनिमाची चिठ्ठी रात्रभर टिकते. बफरातील नोंद यंत्र बंद पडताच संपते. गमतीची गोष्ट अशी की, त्या काळच्या यंत्रांची स्मृती चुंबकीय कड्यांची होती व वीज गेली तरी तिच्यातील मजकूर पुष्कळदा शाबूत राही. परंतु प्रणाली पुन्हा सुरू होताना बफरांची यादी नव्याने मांडी, त्यामुळे चिठ्ठी टेबलावर असूनही ती वाचणारा कोणी नसे. पेढीवर आणखी एक गोष्ट असते: मुनीम कधीही कच्च्या नोंदीला पक्की म्हणत नाही. दोन गोष्टींना दोन नावे आहेत आणि मालकाने विचारले तर कोणती नोंद कोठे आहे ते सांगता येते.

युनिक्समध्ये अशी दोन नावे नव्हतीच, असे मात्र नाही. ती प्रणालीच्या गाभ्यात होती. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीचा मूळ संहितापाठ न्यू साऊथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स ह्यांनी भाष्यासह आपल्या विद्यार्थ्यांसाठी छापला. नकलांच्या नकला होत तो जगभर फिरला आणि रीतसर ग्रंथरूपाने १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पाठात तबकडीवर लिहिण्याची एक नव्हे, तीन क्रियापदे सापडतात. ‘बी-राइट’ म्हणजे लिही व लिहून होईपर्यंत थांब. ‘बी-ए-राइट’ म्हणजे लिहावयास सुरुवात कर, पण थांबू नकोस. ‘बी-डी-राइट’ म्हणजे लिहावयाचे आहे अशी खूण करून ठेव. बफर दुसऱ्या कामासाठी लागला म्हणजे लिही. त्या आवृत्तीत बफर होते अवघे पंधरा. सामान्य आज्ञावलीची ‘लिही’ ही विनंती आली म्हणजे ह्यांतील कोणते क्रियापद योजावयाचे, ह्याचा निवाडा एका ओळीत केला आहे: लिहिता लिहिता ब्लॉकाची कड गाठली असेल तर दुसरे, ब्लॉक अर्धवट भरला असेल तर तिसरे. ह्यामागील तर्क मोठा सुरेख आहे. ब्लॉक पूर्ण भरला असेल तर लिहिणारा पुढे सरकला, तेव्हा आता थांबण्यात हशील नाही. अर्धा भरला असेल तर तो बहुधा परत येईल, तेव्हा घाई कशाला? भविष्यासंबंधीचा एवढा मोठा अंदाज इतक्या कमी शब्दांत बांधलेला क्वचितच पाहावयास मिळेल. शिवाय विनंती पूर्ण ब्लॉकाची असेल तर आधी तो वाचण्याचीही गरज नाही, हेही तेथेच ओळखलेले आहे. पण ह्या तीन क्रियापदांपैकी पहिले सामान्य लेखनाच्या वाटेवर येतच नाही, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये. गाभ्याला तीन शब्द, बाहेरच्याला एक; आणि बाहेरच्या एका शब्दाचा अर्थ आतल्या दुसऱ्याचा की तिसऱ्याचा, हे विनंती करणाऱ्याला परत आलेल्या उत्तरावरून ओळखता येत नाही.

मराठीत ‘लिहिले’, ‘लिहून ठेवले’, ‘लिहावयास घेतले’ आणि ‘लिहावयास दिले’ ह्या चार विधानांनी क्रियेच्या चार निरनिराळ्या अवस्था सांगता येतात. तरीही व्यवहारात अधिकारी पत्र शिपायाच्या हाती देऊन ‘पत्र पाठविले’ म्हणतो आणि त्याला कोणी खोटे म्हणत नाही. हे बोलणे खपते, ह्याचे कारण शिपायाला पत्ता सापडला नाही तर तो परत येऊन तसे सांगेल अशी व्यवस्था गृहीत असते. युनिक्समधील खरी उणीव विलंबाची नसून ह्या परत येण्याची आहे, आणि ती प्रथम मोकळेपणाने कबूल करण्याचे श्रेय थॉम्पसन ह्यांच्या १९७८ च्या लेखाला द्यावयास हवे.

त्या लेखातील बफरांविषयीचा भाग जेमतेम पानभर आहे. पण कार्यप्रणालींच्या वाङ्मयात इतका प्रामाणिक पानभर मजकूर शोधूनच काढावा लागेल. बफर साधारणतः १० ते ७० असतात; सर्वांत जास्त काळ स्पर्श न झालेला बफर नव्या ब्लॉकाला दिला जातो; लिहिणे म्हणजे बफरावर ‘मळका’ अशी खूण करणे; आणि ह्यामुळे प्रत्यक्ष व्यवहारांत भरघोस बचत होते, एवढे सांगून लेखक लगेच दोषांकडे वळतात. पहिला दोष, लेखन नंतर होत असल्यामुळे त्यात चूक झाली तर ती संबंधित आज्ञावलीला अर्थपूर्ण रीतीने कळविणे जवळजवळ अशक्य आहे. युनिक्सची चुकांविषयीची बेफिकिरी काही अंशी ह्यातून आलेली आहे. दुसरा, यंत्र अचानक थांबले तर तर्कदृष्ट्या पुरे झालेले पण प्रत्यक्षात अपुरे राहिलेले पुष्कळसे लेखन बफरांत अडकलेले असणार, हे जवळजवळ निश्चित. तिसरा, बफरांतून लेखन बाहेर पडण्याचा क्रम आज्ञावलीने केलेल्या लेखनाच्या क्रमाहून निराळा असू शकतो. त्यामुळे काळजीपूर्वक क्रम पाळूनही तबकडीवरील रचना मध्येच विसंगत दिसू शकते. चुंबकीय फितीच्या बाबतीत हा क्रमभंग घातकच ठरे. तेथे एका वेळी एकच लेखन बाकी राहू द्यावयाचे, असा ‘इलाज’ केला गेला. हा शब्द मूळ लेखातही अवतरणचिन्हांत आहे, आणि त्या दोन चिन्हांत लेखकाची सारी अस्वस्थता सामावलेली आहे.

ह्यांपैकी दुसऱ्या दोषाची चर्चा सर्वाधिक झाली, आणि त्यावर उपायही तातडीने योजले गेले. सर्व मळके बफर तबकडीवर पाठविण्याची ‘सिंक’ नावाची एक विनंती होती व एक छोटी आज्ञावली दर तीस सेकंदांनी ती करीत असे. यंत्र बंद करण्यापूर्वी चालकाने ‘सिंक’ तीनदा टंकावे, असा प्रघातही पडला. एकदाच टंकून का भागत नसे, ह्याचे कारण पुन्हा तेच आहे: ‘सिंक’ परत आली म्हणजे लेखन सुरू करण्यास सांगितले एवढेच कळे, संपले असे नव्हे. तिसरे टंकून होईपर्यंत तबकडीला पुरेसा वेळ मिळे. अर्थ हरवलेल्या शब्दाची भरपाई उच्चाराच्या संख्येने करण्याची ही तऱ्हा मंत्रजपाशी नाते सांगणारी आहे. पहिल्या दोषाकडे मात्र थॉम्पसन ह्यांच्यानंतर फार काळ दुर्लक्ष झाले. सहाव्या आवृत्तीत तबकडीवरील चुकीची वार्ता यंत्रचालकाच्या टंकयंत्रावर उमटे. ज्या आज्ञावलीचा मजकूर गेला ती तोवर यशस्वीपणे संपलेलीही असे. पत्ता न सापडलेला शिपाई परत येई खरा, पण भलत्याच माणसाकडे.

१९८४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मॅक्युसिक, जॉय, लेफ्लर व फॅब्री ह्यांनी युनिक्सच्या फाईल-व्यवस्थेच्या जलद रूपाविषयीचा आपला लेख प्रसिद्ध केला. त्याचा दृष्टिकोन अगदी वेगळा आहे. व्यवहार टाळण्यापेक्षा प्रत्येक व्यवहार स्वस्त करावा, हे त्याचे सूत्र. जुन्या व्यवस्थेत फाईलींची वर्णने एकीकडे व मजकूर दुसरीकडे असे. मोकळ्या ब्लॉकांची यादी वापराबरोबर विस्कटत जाई. नव्या मांडलेल्या व्यवस्थेचा वेग सेकंदाला १७५ किलोबाइट असला तर काही आठवड्यांच्या बेताच्या वापरानंतर तो ३० वर येई. लेखकांनी ब्लॉक ४,०९६ बाइटांचा किंवा त्याहून मोठा केला, लहान फाईलींसाठी त्याचे तुकडे पाडण्याची सोय केली, आणि जवळजवळच्या वर्तुळांचे गट करून एका फाईलीचे वर्णन व मजकूर शक्यतो एकाच गटात ठेवला. तुकड्यांची सोय ही चैन नव्हती: त्यांच्याच मोजणीप्रमाणे ५१२ बाइटांच्या ब्लॉकात ६.९ टक्के जागा वाया जाई, तर तुकडे न पाडता ४,०९६ चा ब्लॉक घेतल्यास ४५.६ टक्के. जुनी व्यवस्था तबकडीच्या क्षमतेच्या दोन ते चार टक्केच वापरू शके. नवी सत्तेचाळीस टक्क्यांपर्यंत पोचली. हे यश निर्विवाद आहे. त्याची मोजणी मुख्यतः मोठ्या फाईलींच्या सलग वाचन-लेखनावर झाली, हा त्यावरील आक्षेप मात्र नोंदवावयास हवा. कारण दैनंदिन वापरातील बहुतेक फाईली लहान असतात.

परंतु त्या लेखातील सर्वांत बोलकी नोंद ह्या यशाविषयीची नाहीच. जुन्या व्यवस्थेत लेखन वाचनापेक्षा सुमारे पन्नास टक्क्यांनी जलद होते, असे लेखक सांगतात. तबकडीला दोन्ही सारखीच. मग लेखन जलद कसे? लेखनाच्या विनंत्या साठत जातात, आणि साठलेल्या विनंत्या भुजेच्या सोयीने लावून घेता येतात. वाचणाऱ्याला मात्र मागितलेला मजकूर मागितलेल्या क्रमाने, तेव्हाच द्यावा लागतो. लेखनात उधारी चालते, वाचन रोखीचे असते. जुन्या व्यवस्थेची विस्कटलेली घडी लेखनाच्या आकड्यांत म्हणूनच पुरती दिसत नसे.

विलंबाच्या बाजूने सर्वांत बळकट पुरावा १९८५ मध्ये पुढे आला, आणि तो बर्कलीतूनच आला. जॉन ओस्टरहाउट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४.२ बीएसडी ह्या युनिक्स-आवृत्तीवरील प्रत्यक्ष वापराची टिपणे गोळा करून दाखवून दिले की, नव्याने लिहिलेला बहुतांश मजकूर काही मिनिटांतच पुसला तरी जातो किंवा त्यावर दुसरे लिहिले तरी जाते. मध्यम आकाराच्या बफर-साठ्याने तबकडीवरील व्यवहार निम्म्याने घटत होते. काही मेगाबाइटांच्या साठ्याने ते नव्वद टक्के किंवा अधिकही घटू शकतील, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे ‘नंतर लिहू’ म्हटलेले पुष्कळसे लिहावेच लागत नाही. कच्च्या चिठ्ठीवरची जमा संध्याकाळपूर्वीच त्याच चिठ्ठीवर खर्ची पडते आणि वहीपर्यंत पोचतच नाही. ह्या निष्कर्षानंतर प्रत्येक लेखन तबकडीवर पोचेपर्यंत थांबावे, असा आग्रह धरणे हास्यास्पद ठरेल. थॉम्पसन ह्यांची निवड योग्य होती. आक्षेप आहे तो ह्या निवडीला स्वतःचे नाव न देण्यावर.

ते नाव १९८३ मध्ये ४.२ बीएसडीमध्ये मिळाले. ‘एफ-सिंक’ ह्या नव्या विनंतीने आज्ञावलीला एका विशिष्ट फाईलीबाबत सांगता येऊ लागले की, ही नोंद आता पक्की कर आणि झाल्यावरच परत ये. पहिल्या लेखानंतर नऊ वर्षांनी गाभ्यातील ‘बी-राइट’चा अर्थ अशा रीतीने बाहेरच्या भाषेत आला. पण चुकीच्या वार्तेचा प्रश्न ह्या नव्या शब्दातही शिल्लक राहिला. २०१८ मध्ये पोस्टग्रेसक्यूएल ह्या माहितीसंचय-प्रणालीच्या कर्त्यांना असे आढळले की, लिनक्समध्ये मळका बफर तबकडीवर जाताना चूक झाली तर ती ‘एफ-सिंक’ला एकदा कळविली जाते, परंतु बफर मात्र ‘स्वच्छ’ म्हणून नोंदला जातो. तीच विनंती पुन्हा केल्यास ‘झाले’ असे उत्तर मिळू शकते, आणि मजकूर तर तबकडीवर नसतोच. चूक आली तर पुन्हा प्रयत्न करावा, ह्या सरळ समजुतीवर ती प्रणाली वर्षानुवर्षे चालली होती. फेब्रुवारी २०१९ च्या सुधारित आवृत्त्यांपासून तिने दुसऱ्यांदा विचारणे सोडून दिले. ‘एफ-सिंक’ने एकदा जरी नकार दिला तरी ती आता स्वतःला तेथेच थांबविते, पुन्हा सुरू होते, आणि आपल्या स्वतंत्र रोजकीर्दीवरून सारा हिशेब नव्याने मांडते.